चार बोटं खाली

ताईचा आवाज पहिल्यांदा फाटला तेव्हा तो फक्त मला कळला. पेणच्या पुढे एका गावची जत्रा होती. समोर धूळ, पिपाण्या, पाळण्याची करकर आणि ताई गात होती. वरच्या सुराला गेली आणि तिथे एका आवाजाच्या जागी दोन आले. एक तिचा आणि एक भलताच, घोगरा. अर्धा सेकंद. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पण त्या खुशीच्या. मी तिच्या मागे गळ्यात ॲकॉर्डियन अडकवून उभी होते आणि पुढच्या दोन ओळी माझी बोटं आपली आपणच वाजवत होती.

गाणं झाल्यावर ती कनातीमागे गेली. तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली आणि टाकली. मी वाकून बघितलं. चूळ गुलाबी होती.

"पान खाल्लंस?"

"मी कधी पान खाल्लंय गं?" ती म्हणाली. आणि लगेच, "आईला सांगशील तर बघ."

थांबा, आधी आम्ही कोण ते सांगते. नाहीतर मी नेहमीसारखी सुसाट सुटेन आणि तुम्ही मागेच राहाल.

ऑर्केस्ट्रा मामाचा होता. आम्ही वाशीला, दोन खोल्यांत. मूळचे रत्नागिरीकडचे, घर बौद्ध. मामा दिवसा कंपनीत फिटर आणि उरलेला सगळा वेळ ॲकॉर्डियन. ताईला माइकसमोर त्यानेच उभं केलं आणि मला वाजवायला त्यानेच शिकवलं. ऐंशीनंतर आमच्याकडचे बरेच जण गल्फला गेले, तसा एक दिवस तोही गेला. जाताना ॲकॉर्डियन माझ्या गळ्यात घालून गेला. आमच्या लाइनीत ॲकॉर्डियन ज्याच्या गळ्यात तो मास्तर. म्हणजे मी. एकोणीस वर्षांची, पाच फूट एक इंच, बसल्यावर ॲकॉर्डियनच्या वर फक्त डोळे दिसायचे.

बाकी सगळे पुरुष. त्यांत सगळ्यात मोठे ढोलकीवाले काका, करावे गावचे. सकाळी खाडीत जाळं टाकून यायचे आणि दुपारी ढोलकी घेऊन टेम्पोत. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून नाव पाडलं, मास्तरीन. "मास्तरीन, टेम्पो आयलाय, आता घाबरायचा काम टेम्पोत करा." कारण मी घाबरायचेच. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी हात गार, पाय गार. उरण, पेण, अलिबाग, खोपोली, एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, मग जत्रा, मग जानेवारीत कंपन्यांच्या पूजा. एवढं फिरूनसुद्धा भीती काही सरावाची झाली नाही. पण ती भीती म्हणजे, माइक चालेल का, टेम्पो बंद पडेल का, अशी होती. पेणनंतर ती बदलली. आता मला एकाच गोष्टीची भीती वाटायची. ताईच्या गळ्याची.

डॉक्टरकडे मी तिला ओढत नेलं, मुंबईला, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. आईला सांगितलं साडी घ्यायला जातोय. डॉक्टरीण बाईंनी सुती फडक्याने ताईची जीभ धरून बाहेर ओढली, छोटासा आरसा दिव्यावर गरम केला आणि घशात घातला. "ई म्हणा." ताई ई म्हणाली. मी खुर्चीची कड धरून बसले होते.

"गाता का?"

ताईने मान हलवली.

"स्वरतंतूवर गाठ येतेय. आणि रक्तही आलेलं दिसतंय. एक महिना तोंडातून अक्षर काढायचं नाही. कुजबुजायचं पण नाही, ते तर जास्त वाईट. असंच वरच्या पट्टीत ओरडत राहिलात ना, तर एक दिवस तिथे फुटेल. मग गाणं सोडा, भाजीवालीशी भाव करायचे पण वांदे होतील."

भाव करायचे वांदे! ताई बाहेर आली आणि हसायला लागली. मी रडायला लागले. लोकांना वाटलं असेल दोघींपैकी एकीचा नवरा गेलाय, फक्त कुणाचा ते कळत नव्हतं.

"सव्वीस जानेवारीनंतर गप्प बसते," ती म्हणाली. "एवढा एक कार्यक्रम. शब्द दिलाय."

"मी नाही म्हणून कळवते ना."

"आणि काय सांगणार? ताईच्या गळ्यात गाठ आहे? एकदा लोकांना कळलं ना की हिचा आवाज गेला, मग बरा झाला तरी गेलाच. कुणाला बोलायचं नाही. काकांना पण नाही. शपथ घे."

घेतली. मूर्ख मी.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पेटीवर पांढऱ्या पट्ट्या असतात आणि काळ्या. गायकाचा सूर कुठला, ते आम्ही पट्टीवरून सांगतो. काळी एक, पांढरी चार, असं. ताईची काळी चार. तिथे तिचा आवाज असा चमकायचा की समोरची पोरं चणे खायची थांबायची. स्टेजवर ओरडून पट्टी सांगता येत नाही म्हणून मास्तर बोटं दाखवतो. मामाची पद्धत, बोटं वर केली की काळी, खाली केली की पांढरी. कारण पेटीवर काळ्या पट्ट्या वर उचललेल्या असतात. मला वाटायचं जगातले सगळे ऑर्केस्ट्रे असंच करतात. का नाही वाटणार? मी दुसऱ्या कुठल्या ऑर्केस्ट्रात कधी उभी राहिले होते?

माझा प्लॅन असा होता की ताईच्या गाण्यांची यादी काळी चारमध्येच लिहायची, म्हणजे कुणाला संशय नको. आणि स्टेजवर तिचा गळा ऐकत राहायचं. त्रास होतोय असं वाटलं की चार बोटं खाली. पांढरी चार. तीन पट्ट्या खाली येतो सूर, गळ्याला केवढी सुटका. लोकांना कळतही नाही. मी दोन रात्री झोपले नाही पण हा प्लॅन मला एकदम भारी वाटत होता.

सव्वीस जानेवारीला ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत पूजा. सकाळी झेंडा, मग सत्यनारायण, मग जेवण आणि दुपारी तीनला आम्ही. निघताना आई दारात उभी राहून दर वर्षीचं वाक्य बोलली, "गा, वाजवा, जेवा. हात मात्र जोडू नका." मग ताईकडे बघून, "आज एवढी गप्प का?" ताईने खोकल्यासारखं केलं आणि जिना उतरली. ती सकाळपासून आवाज वाचवत होती. मी आईच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही.

आणि टेम्पोत चढते तर आमचा गिटारवाला नाही! त्याला गालगुंड. तोंड भोपळ्याएवढं झालेलं, त्याने त्याच्या ओळखीचा एक जण पाठवला होता. पनवेलच्या पलीकडचा, कोकणी मुसलमान, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, गिटार नवीकोरी, केस कानावर. महाडपासून गोव्यापर्यंत वाजवून आलेला.

"दीदी, टेन्शन लेऊ नका. यादी द्या, पट्ट्या द्या. बस."

मी यादी दिली. त्याने ती एकदा वाचली आणि खिशात घातली. काका माझ्या कानाशी आले. "पोरगा बरा हाय. गिटार त्याच्यापेक्षा बरी हाय. तुमी कशाला थरथरता?"

"थंडी आहे काका."

"दुपारी तीनला?"

शेडमध्ये चारेकशे कामगार, बायकापोरं, वर पत्रा. पत्र्याखाली आवाज घुमतो, त्यामुळे ताईला जास्त जोर लावावा लागणार हे मला पहिल्या मिनिटाला कळलं आणि माझे तळवे असे घामेजले की भाता हातातून निसटायला लागला. पहिली दोन गाणी आमच्या गायकाची, ती गेली. मग ताई. पहिलं गाणं ठीक. दुसरं ठीक, म्हणजे लोकांसाठी ठीक. मला तिची मान दिसत होती मागून. वरचा सूर आला की ती मान थोडी डावीकडे झुकवायची, दुखतं तिथे हात ठेवावा तशी. तिसऱ्यात पुन्हा तो दुसरा आवाज आला. घोगरा. या वेळी अर्धा सेकंद नाही, चांगला एक शब्दभर.

पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीकडे बघितलं.

शेवटचं गाणं उरलं होतं. तेच, जत्रेतलं. अंतऱ्यात एक जागा अशी की तिथे सगळा श्वास पणाला लावून वर जावं लागतं आणि वर थांबावं लागतं. ती जागा ती काळी चारमध्ये घेणार? आज? या गळ्याने? माझ्या डोक्यात डॉक्टरीण बाई बोलत होत्या, एक दिवस तिथे फुटेल, एक दिवस तिथे फुटेल.

मी गिटारवाल्याकडे वळले आणि हात मांडीशी नेऊन चार बोटं खाली दाखवली. स्पष्ट. त्याने बघितलं. हसला आणि मान हलवली. अगदी बिनधास्त. मला एवढं हायसं वाटलं की मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. ताईने मागे वळून माझी बोटं बघितली, तिलाही कळलं, तिचे खांदे खाली आले. सुरुवात गिटारची होती. ताई गिटारवरून सूर उचलणार होती.

त्याने तार छेडली. काळी चार.

मला एक क्षण कळेना की माझे कान गेलेत की काय. मी पांढऱ्या चारवर बोटं ठेवून तयार, दाबलं, आणि असा काही भयंकर बेसूर निघाला की काकांचा हात ढोलकीवर चुकला, जो मी आयुष्यात कधी चुकताना बघितला नव्हता. मी घाबरून बोटं उचलली. गिटारवाल्याने माझ्याकडे बघितलं, काय दीदी, असं. आणि ताई? ताईने गिटार ऐकली आणि काळी चार उचलली. सवयीनेच. गळा सरळ गेला तिथे. मग तिच्या लक्षात आलं. तिने मागे वळून बघितलं पण गात राहिली, कारण मामाचा नियम, गाणं सुरू झालं की मास्तरच्या कपड्यांना आग लागली तरी थांबायचं नाही. आमच्या रक्तात घातलेला नियम तो.

मुखडा झाला. अंतऱ्याच्या त्या जागेला अजून चार ओळी बाकी होत्या.

मी पुन्हा चार बोटं खाली केली, जोरात. गिटारवाल्याने पुन्हा मान हलवली, आणखी जोरात. हो हो, तेच वाजवतोय! असं. तीन ओळी. मी मानेने नाही नाही केलं. त्याला वाटलं लय चुकतेय, त्याने लय वाढवली! दोन ओळी. ताईची मान डावीकडे झुकायला लागली. तिचा हात वर आला, गळ्याच्या खाली, साडीची पिन धरली तिने. कुणीतरी थांबवा, असं मला वाटत होतं. काका, कंपनीचे साहेब, कुणीही मोठं माणूस. आणि मग लक्षात आलं की थांबवायचं काम ज्याचं असतं ते माणूस म्हणजे मीच.

एक ओळ.

मी चार पावलं पुढे गेले, गळ्यात ॲकॉर्डियन तसंच, आणि ताईच्या तोंडावर हात ठेवला.

चारशे माणसांसमोर. सख्ख्या मोठ्या बहिणीच्या तोंडावर. माइकमधून फक्त "मफ्" असं काहीतरी झालं. आणि शेडमध्ये जो हशा उठला! कुणीतरी ओरडलं, "अरे भांडणं घरी करा!" एक जण, "मोठीला गाऊ द्या, धाकटीला खाली उतरवा!" माझ्या तळव्याखाली ताईचे ओठ हलत होते. तिचे डोळे मी अजून विसरले नाहीये. तिने माझा हात झटकला आणि आत निघून गेली.

गिटार थांबली होती. मी एकटी माइकपुढे. तेवढ्यात मागून काका, ढोलकी कमरेला, दोन उड्यांत पुढे. माइक स्वतःकडे ओढला. "मंडली, बाया लय गायल्या, आता आमचा म्हातार्‍याचा ऐका जरा." आणि मला हळूच, "मास्तरीन, तुमी आत जा. मी हाय." आणि अशी काही ढोलकी सुरू केली की कामगार बाकडी मागे सारून नाचायला लागले. वीस मिनिटं वाजवत होते ते. एकटे. त्या वयात.

आत ताई पाठ करून उभी होती. मी जवळ गेले तर वळली आणि सण्णकन कानाखाली.

"लाज काढलीस," ती म्हणाली.

पण ते तसं ऐकू आलं नाही. निम्मे शब्द निघालेच नाहीत. फक्त हवा. तिने स्वतःच ते ऐकलं. आम्ही दोघींनीही ऐकलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पुन्हा तोंड उघडलं आणि या वेळी तिने स्वतःच ते मिटलं. मग खाली बसली आणि मग मला दिसलं की तीही घाबरलेली आहे, माझ्याहून जास्त, आणि पेणपासून घाबरलेलीच होती.

गिटारवाला पडदा सारून आत आला, रागाने लाल. "दीदी, माझी काय गल्ती? यादीत काळी चार. तुम्ही दाखवली पण काळी चार. मी वाजवली काळी चार!"

"मी पांढरी दाखवली! चार बोटं खाली!"

"खाली म्हणजे काळीच ना!"

"खाली म्हणजे पांढरी! काळ्या पट्ट्या वर असतात!"

"आमच्यात खाली म्हणजे काळी. जमीन काळी, ती खाली. आभाळ पांढरं, ते वर. आमच्या उस्तादने हेच शिकवलं. सगळ्यांना हेच शिकवलंय." मग त्याची नजर ताईवर गेली, तिच्या हातातल्या रुमालावर, त्यावरच्या गुलाबी डागावर. त्याचा आवाज एकदम खाली आला. "या अल्लाह. आधी सांगायचं ना दीदी. तोंडाने सांगायचं. मी सकाळपासून इथेच तर होतो."

त्याचंच बरोबर होतं. तोंडाने सांगता आलं असतं. टेम्पोत सांगता आलं असतं. शपथ घेतली होती म्हणून मी आवाज वाचवायचं काम चार बोटांवर सोडलं होतं.

घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. पेण, डॉक्टर, साडीची थाप, सगळं, एका दमात. आईने काही आरडाओरडा केला नाही. ती ताईसमोर बसली, तिची हनुवटी धरून वर केली आणि म्हणाली, "आ कर." जणू तिला आत दिसणार होतं. मग माझ्याकडे बघून, "आणि तू. मास्तर ना तू? मग शपथ कसली घेतेस?"

ताईने महिनाभर एक शब्द काढला नाही. कुजबुजली पण नाही. आईशी पाटीवर लिहून बोलायची, शेजारच्या पोरांशी हातवारे करून. माझ्याशी काहीच नाही. माझ्यासाठी पाटीवर एक अक्षर लिहिलं नाही तिने. मी समोर बसले की पाटी पुसायची. बाहेरचे कार्यक्रम मी सगळे नाही म्हणून कळवले, कारणही खरं तेच सांगितलं, आणि ताई म्हणाली होती तशीच बोंब झाली. दोन गावांनी विचारलं, दुसरी बाई मिळेल का? काका एकदा खाडीची कोळंबी घेऊन आले. ताईला म्हणाले, "तिकट घालू नको हां. आनी रागवायचा तर मनात रागव, गल्यात नको." ती त्यांच्याकडे बघून हसली. माझ्याकडे वळेपर्यंत हसू गेलं.

आणि मी रात्रंदिवस एकच विचार करत होते. मी वेळेवर हात ठेवला का? की त्या आधीच्या चार ओळींतच जे व्हायचं ते झालं होतं? मी मुखड्यालाच थांबवायला हवं होतं. मी उभी राहून ओळी मोजत होते!

महिन्याने पुन्हा तेच हॉस्पिटल, तीच खुर्ची, तोच गरम आरसा. "ई म्हणा." महिनाभरात पहिला आवाज. बारीक, सुरकुतलेला, पण एकच. मी कान टवकारून दुसरा शोधत होते. नव्हता.

"रक्त थांबलंय. गाठ बसतेय," बाई म्हणाल्या. "दिवसाला दहा मिनिटं बोला. हळू. गाणं सहा महिने नाही. नंतर बघू. वरचं पूर्वीसारखं येईल की नाही, ते मी आज सांगू शकत नाही. कदाचित नाहीही येणार."

ताईने मान हलवली. रडली नाही. स्टॉपपर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढे चालत आली. बसमध्ये कंडक्टर आला. महिनाभर तिच्या वतीने मीच बोलत होते, त्या सवयीने मी म्हटलं, "दोन वाशी."

"एक," ताई म्हणाली.

मी वळून बघितलं. आवाज खालचा होता, जरा खरखरीत, धुतलेल्या गोधडीसारखा. पण तिचाच.

"एकच द्या," ती कंडक्टरला म्हणाली. "ही माझ्याबरोबर नाहीये."

"अहो बाई, ठरवा काय ते," कंडक्टर म्हणाला. "एक की दोन?"

"माझं एक. तिचं ती बघेल. ती मास्तर आहे."

तिने स्वतःचं तिकीट घेतलं आणि पुढच्या सीटवर एका अनोळखी बाईशेजारी जाऊन बसली. त्या बाईच्या मांडीवर बाळ होतं. ताईने विचारलं, केवढं आहे, नाव काय, दात आले का, रात्री झोपतं का. ती बाई सांगत होती आणि ताई पुन्हा विचारत होती. माझ्याकडे एकदाही वळली नाही. मी मागे बसून दांडा धरला होता आणि तिच्या प्रत्येक शब्दाला माझा जीव वरखाली होत होता. दिवसाला दहा मिनिटं. खाडीपूल येईपर्यंत तिची तीन दिवसांची मिनिटं संपली होती आणि पुढे जाऊन तिला गप्प बस म्हणायची माझी हिंमत होत नव्हती.